ट्रकचं डिझेल आणि कार्बनचा हिशोब कसा काढायचा: ट्रान्सपोर्ट ऑफिसात नवीन लागलेल्यांसाठी

चाकण, भिवंडी, तळोजा, रांजणगाव, कुठल्याही ट्रान्सपोर्ट ऑफिसात आजकाल एक मेल हमखास येतो. कस्टमर कंपनीच्या लॉजिस्टिक्सवाल्या साहेबांचा असतो, की मागच्या वर्षी आमचा जो माल तुम्ही वाहिला त्याचं इमिशन, म्हणजे हवेत गेलेला कार्बन, किती झालं ते सोबतच्या एक्सेलमध्ये भरून शुक्रवारपर्यंत पाठवा. शेठ तो मेल न वाचताच ऑफिसातल्या सगळ्यात नवीन माणसाला फॉरवर्ड करतात, कारण त्याला एक्सेल येतं. आणि मग तो माणूस गुगल करत बसतो आणि तिथे युरोपच्या गाड्यांचे आकडे मिळतात. तो नवीन माणूस तुम्ही असाल तर हे वाचा.

हे मागतात का ते आधी सांगतो. सेबीनं शेअर बाजारातल्या टॉप १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यात त्या कंपनीला स्वतःचं इमिशन सांगावं लागतं. स्वतःच्या बॉयलरचं, जनरेटरचं, गाड्यांचं ते स्कोप १. विकत घेतलेल्या विजेचं स्कोप २. आणि दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाचं, म्हणजे तुमच्या ट्रकनं वाहिलेल्या मालाचं, ते त्यांचं स्कोप ३. तुमच्या मालकीच्या गाडीत जळलेलं तेच डिझेल तुमचं स्कोप १ असतं आणि त्यांचं स्कोप ३. दोन्हीकडे मोजलं म्हणून डबल झालं असं नाही, ते तसंच असतं, घाबरू नका.

माझं सरळ मत आहे, हे काम कार्बनचं वाटतं पण नव्वद टक्के काम डिझेल रजिस्टरचं आहे. लिटर बरोबर असतील तर पुढचा हिशोब एका गुणाकाराचा, लिटरच चुकले तर कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, काही उपयोग नाही.

१. आधी विचारा, नक्की काय हवंय

एक्सेल भरायला घेण्याआधी साहेबांना फोन करून चार गोष्टी विचारून घ्या. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. फक्त त्यांच्या मालाचं हवंय की तुमच्या सगळ्या ताफ्याचं. आकडा फक्त गाडीत जळलेल्या डिझेलचा हवाय की विहिरीपासून चाकापर्यंतचा, म्हणजे क्रूड काढणं, रिफायनरी, टँकरनं पंपावर आणणं हे सगळं धरून. आणि चौथं, एकूण किलो की टन-किलोमीटरमागे ग्रॅम (एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर). यातली तिसरी गोष्ट बहुतेक वेळा साहेबांनाही माहीत नसते, ते म्हणतात दोन्ही पाठवा. पाठवा दोन्ही, काही बिघडत नाही, फक्त कुठला कुठला ते कॉलमवर लिहा.

परदेशी कंपनीचा कस्टमर असेल तर आयएसओ १४०८३ किंवा जीएलईसी हे शब्द येतील. आयएसओ १४०८३ हे २०२३ मध्ये आलेलं स्टँडर्ड, वाहतुकीचं इमिशन कसं मोजायचं त्याचं. जीएलईसी ही त्याच पद्धतीची वापरायला सोपी चौकट. दोन्हीत विहिरीपासून चाकापर्यंतचाच आकडा लागतो आणि रिकामी धाव धरावीच लागते. खाली जी पद्धत सांगतोय ती त्याला धरूनच आहे.

२. कागद गोळा करा

- प्रत्येक गाडीची आरसी
- एलआर, म्हणजे आपली बिल्टी, आणि तिला जोडलेलं ई-वे बिल
- काटा पावती (रिकामी आणि भरलेली दोन्ही असेल तर उत्तम)
- डिझेल कार्डचं स्टेटमेंट, पंपाची उधारीची बिलं, ड्रायव्हरनं रोखीनं भरलेल्या डिझेलच्या पावत्या
- युरियाची बिलं, म्हणजे बीएस-६ गाडीत टाकतो ते डीईएफ
- ट्रिप शीट
- जीपीएसचा किलोमीटर रिपोर्ट
- फास्टॅग स्टेटमेंट

यातलं फास्टॅग स्टेटमेंट लोक विसरतात आणि तेच सगळ्यात कामाचं. गाडी कुठल्या दिवशी किती वाजता कुठल्या टोलवरून गेली हे त्यात असतं आणि ते कुणाला बदलता येत नाही. ट्रिप शीटवर लिहिलंय गाडी मंगळवारी नागपूरहून निघाली आणि फास्टॅग म्हणतोय गुरुवारी, तर फास्टॅग खरा.

आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरून परवानगी असलेलं एकूण. दोन्हीची वजाबाकी म्हणजे पासिंग. नवीन माणसाचा इथेच घोळ होतो, तो २८ टनी गाडी म्हणजे २८ टन माल धरतो. आजकालच्या बऱ्याच मॉडेलच्या नंबरातले पहिले दोन आकडे हे एकूण वजन असतं, १९ नं सुरू होणारी सहाचाकी १९ टनाची, २८ नं सुरू होणारी दहाचाकी २८ टनाची, ५५ वाला ट्रेलर ५५ टनाचा. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन गेलं की माल उरतो. दहाचाकीत साधारण अठरा-साडेअठरा टन, बॉडीवर अवलंबून.

३. डिझेलचे खरे लिटर काढा

इथे वेळ घालवा. बाकी सगळीकडे घाई चालेल.

सगळ्यात भरवशाची पद्धत जुनीच आहे, टाकी टू टाकी. गाडी निघताना टाकी फुल करायची, ओडोमीटरचा फोटो. परत आल्यावर त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा फुल, पुन्हा फोटो. मधे जेवढं भरलं ते अधिक शेवटी लागलेलं ते, एवढं जळलं. ड्रायव्हरला सांगून ठेवायचं, दादा, नोझल पहिल्यांदा कट होईल तिथे थांबवा, हलवून हलवून गळ्यापर्यंत भरू नका. कारण एकदा गळ्यापर्यंत आणि एकदा कटपर्यंत भरलं तर मोठ्या टाकीत सहज आठ-दहा लिटरचा फरक पडतो, आणि दोनशे लिटरच्या ट्रिपमध्ये तो पाच टक्के झाला.

सगळ्या ट्रिपला हे जमणार नाही. मग महिन्याचा हिशोब करा: महिन्याच्या सुरुवातीला टाकीत किती होतं, महिनाभरात किती भरलं, शेवटी किती उरलं. टाकीतल्या शिलकीचा अंदाज थोडा चुकला तरी महिनाभराच्या हजार-दीड हजार लिटरमध्ये तो दबून जातो. एका ट्रिपपेक्षा महिना बरा आणि महिन्यापेक्षा वर्ष बरं.

आता सापळे.

पहिला, रुपयावरून लिटर काढणं. ट्रिप शीटवर "डिझेल १५,०००" एवढंच असतं आणि आपण आजच्या भावानं भागतो. भाव राज्याराज्यात वेगळा असतो, कर्नाटकात शिरायच्या आधी भरलं की शिरल्यावर, यानं फरक पडतो. पावतीवर लिटर छापलेले असतात तेच घ्या, पावती हरवली असेल तर त्या तारखेचा त्या राज्याचा भाव शोधा.

दुसरा, बिलात आहे पण जळलं नाही असं डिझेल. सगळ्यांना माहितीये मी कशाबद्दल बोलतोय. हायवेला ढाब्याच्या मागे कॅन घेऊन माणूस उभा असतो. एखाद्या गाडीचा ॲव्हरेज त्याच रूटवरच्या तशाच गाडीपेक्षा सतत पंधरा-वीस टक्के कमी दिसत असेल तर आधी इंजिन, टायरची हवा, ब्रेक जाम आहेत का ते बघा आणि मग बाकीचं बघा. या हिशोबापुरतं म्हणाल तर बिलाचे लिटर तसेच धरा, कमी करू नका, कारण तुमच्याकडे कागद तोच आहे. फक्त शेरा लिहा.

तिसरा, जनरेटर आणि फोर्कलिफ्टचं डिझेल त्याच कार्डवर घेतलेलं असतं. ते वेगळं काढा, ट्रकच्या खात्यात टाकू नका.

चौथा, ॲव्हरेजचा ॲव्हरेज. हा एक्सेलवाल्यांचा खास रोग. एक गाडी ३०० किमी गेली ३ च्या ॲव्हरेजनं, म्हणजे १०० लिटर. दुसरी ३०० किमी ६ च्या ॲव्हरेजनं, ५० लिटर. दोन्हीचा मिळून ॲव्हरेज ४.५ नाही, ४ आहे, कारण ६०० किमीला १५० लिटर लागले. नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. एक्सेलमधलं ॲव्हरेजचं बटण या कामासाठी विसरून जा.

आणि उभी गाडी. कंपनीच्या गेटवर, बंदराच्या रांगेत, गाडी चालू ठेवून उभी असते तेव्हा तासाला दीड-दोन लिटर जातंच, एसी केबिन असेल तर जास्त. किलोमीटर शून्य आणि डिझेल चालू. टाकी टू टाकीत हे आपोआप येतं, किलोमीटर भागिले ठरलेला ॲव्हरेज असं केलं तर येत नाही. म्हणून जळलेलं मोजलेलं बरं, नुसत्या अंदाजापेक्षा.

४. किलोमीटर

तीन किलोमीटर मिळतील आणि तिन्ही वेगळे असतील. ओडोमीटरचे, जीपीएसचे आणि ई-वे बिलाचे. ई-वे बिलातलं अंतर पिनकोड ते पिनकोड काढलेलं असतं, गाडी प्रत्यक्षात कशी गेली त्याच्याशी त्याचा संबंध नाही. जीपीएस ठरावीक सेकंदांनी ठिपका पाठवतं आणि सॉफ्टवेअर ठिपके सरळ रेषेनं जोडतं, त्यामुळे घाटातली वळणं कापली जातात आणि अंतर थोडं कमी येतं. ओडोमीटर बरा, पण टायर झिजले की किंवा वेगळ्या साईजचे बसवले की तोही हलतो, आणि काही गाड्यांत तो महिनोन्‌महिने बंदच असतो.

डिझेलचा ॲव्हरेज काढायला प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर घ्या, ओडोमीटर किंवा जीपीएस, वर्षभर एकच. पण टन-किलोमीटर काढताना, म्हणजे माल किती लांब पोचवला हे सांगताना, आयएसओच्या पद्धतीत प्रत्यक्ष धाव चालत नाही, व्यवहार्य असा सगळ्यात छोटा रस्ता किंवा नकाशावरचं सरळ अंतर धरायचं. कारण साधं आहे, ड्रायव्हर टोल चुकवायला शंभर किमी फिरून गेला तर डिझेल वाढलं पाहिजे, कामगिरी वाढल्यासारखी दिसता कामा नये. मॅपवरचं अंतर घेतलं तर बहुतेक कस्टमरना चालतं.

५. मालाचं वजन

काटा पावती असेल तर भरलेलं वजा रिकामं. नसेल तर एलआरवरचं. इनव्हॉइसवरचं शेवटी घ्या, कारण त्यावर कित्येकदा नुसत्या मालाचं वजन असतं, पॅलेट, लाकडी क्रेट, लोखंडी ट्रॉल्या धरलेल्या नसतात. चाकणला ऑटो पार्ट्सचं काम करणाऱ्यांनी इथे नीट बघा. माल जातो लोखंडी बिनमध्ये आणि परतीला त्याच रिकाम्या बिन भरून येतात. ती गाडी रिकामी नाही! बिनचं वजन आहे, ते वाहून आणायला कस्टमरनं सांगितलंय, म्हणजे तो वेगळा माल धरायचा आणि त्याच्याच नावावर टाकायचा.

एलआरवर "चार्जड वेट" आणि "ॲक्चुअल वेट" असे दोन कॉलम असतात. भाडं चार्जडवर लागतं, कार्बन ॲक्चुअलवर. थर्माकोल, चिप्स, रिकाम्या बाटल्या असल्या हलक्या मालात दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, ३२ फुटी कंटेनर गच्च भरलेला आणि आत चार टन. अशा मालाचा टन-किलोमीटरचा आकडा मोठा येतो, येऊ दे, तो खराच आहे.

६. लिटरचे किलो करा

हे सगळ्यात सोपं आणि लोक याचीच सगळ्यात जास्त भीती घेतात.

१ लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. लिटरभर म्हणजे ८३० ग्रॅम डिझेलमधून अडीच किलोच्या वर धूर कसा निघेल असं वाटतं, पण डिझेलमध्ये वजनानं साधारण ८६ टक्के कार्बन असतो आणि तो जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वजन त्याचं वाढतं. वेगवेगळ्या तक्त्यांत २.६ ते २.७ च्या मधले आकडे दिसतील, डिझेलची घनता किती धरली त्यावर आहे. एक निवडा, वर्षभर तोच ठेवा. विहिरीपासून चाकापर्यंतचा हवा असेल तर ३.२४ हा जुन्या युरोपियन स्टँडर्ड ईएन १६२५८ मधला आकडा बरेच जण वापरतात, कस्टमरनं त्याचा स्वतःचा दिला असेल तर तो वापरा.

सीएनजी गाडी असेल तर लिटर नाही, किलो. १ किलो सीएनजीला साधारण २.७ किलो सीओटू, वर न जळता निसटणारा मिथेन वेगळा. डिझेलचा आकडा आणि सीएनजीचा आकडा जवळपास सारखा दिसतो म्हणून फायदा नाही असं समजू नका, एका किलो सीएनजीत लिटरभर डिझेलपेक्षा ऊर्जा जास्त असते. इलेक्ट्रिक गाडीला धूर शून्य पण वीज कुठून आली ते बघावं लागतं, आपल्या देशाच्या ग्रीडचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं, तो युनिटमागे सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास आहे.

डीईएफचं पण थोडं येतं. लिटरमागे पाव किलोच्या आसपास. डिझेलच्या पाच टक्के डीईएफ लागलं तर एकूण आकड्यात अर्धा टक्कासुद्धा वाढत नाही, पण ऑडिटवाला विचारतो म्हणून एक ओळ टाका.

आणि हे तीन गैरसमज ऑफिसात कुणीतरी बोलणारच:

"आपल्या गाड्या बीएस-६ आहेत, आपला कार्बन कमी." नाही. बीएस-६ नं काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड खूप कमी झाले, ते चांगलंच आहे, पण सीओटू लिटरवर ठरतो. जुनी गाडी ४ चा ॲव्हरेज देते आणि नवीन पण ४ चाच, तर सीओटू तेवढाच.

"पीयूसी आहे ना, तेच जोडू." पीयूसीत डिझेल गाडीचा धूर किती काळा ते बघतात. त्यातून तुम्हाला एक किलोही काढता येणार नाही.

"आता इंधनात वीस टक्के इथेनॉल असतं, तेवढं वजा करू." ते पेट्रोलमध्ये. ट्रकच्या डिझेलमध्ये नाही.

७. रिकामी धाव आणि वाटणी

खरी भांडणं इथे होतात. उदाहरण घेऊनच सांगतो, आकडे सोयीचे घेतलेत.

दहाचाकी चाकणहून नागपूरला गेली, १५ टन माल, ७२० किमी. तिथे खाली करून ८० किमी रिकामी फिरून एका कंपनीतून १० टन परतीचं भाडं मिळालं, ते घेऊन ७०० किमी परत चाकण. एकूण धाव १,५०० किमी, टाकी टू टाकी ३५० लिटर. ॲव्हरेज ४.२९.

सीओटू (फक्त गाडीत जळलेल्या डिझेलचा, विहिरीपासून चाकापर्यंतचा हवा तर २.६८ च्या जागी ३.२४): ३५० × २.६८ = ९३८ किलो.

टन-किलोमीटर: जाताना १५ × ७२० = १०,८००. येताना १० × ७०० = ७,०००. एकूण १७,८००.

एका टन-किलोमीटरला ९३८ भागिले १७,८००, म्हणजे साधारण ५३ ग्रॅम. चाकणवाल्या कस्टमरच्या वाट्याला १०,८०० चे, म्हणजे ५६९ किलो. नागपूरवाल्याच्या वाट्याला ३६९. बेरीज ९३८, कुठे काही सांडलं नाही.

आता चुकीच्या पद्धती बघा. चाकणवाले म्हणतात, आमचे ७२० किमी भागिले ४.२९ गुणिले २.६८ करा, म्हणजे आमचे ४५० किलो. यात मधली ८० किमी रिकामी धाव कुणाच्याच नावावर गेली नाही आणि जड माल-हलका माल एकच झाला. उलट कुणी सगळे ९३८ चाकणवाल्यावर टाकतो आणि नागपूरवाल्यानं विचारलं की त्यालाही परत काहीतरी आकडा देतो. दोन्ही चूक. साधी चाचणी ठेवा, सगळ्या कस्टमरना दिलेल्या किलोंची बेरीज ताफ्याच्या एकूण किलोंएवढी आली पाहिजे. नसेल येत तर कुठेतरी पाणी मुरतंय.

परतीचं भाडं नाहीच मिळालं, गाडी ७२० किमी रिकामी आली, तर ते सगळं जाणाऱ्या मालावर. कस्टमर कुरकुर करतो, की परत रिकामी आणली तो तुमचा प्रश्न. नाही साहेब, गाडी तुमच्याच मालासाठी गेली होती. पण त्यापेक्षा एकेक ट्रिप न भांडता त्या रूटवरच्या त्या साईजच्या सगळ्या गाड्यांचा वर्षाचा एकत्र हिशोब करा, वर्षाचे लिटर, वर्षाचे टन-किलोमीटर, आणि तो ग्रॅमचा आकडा सगळ्यांना लावा. आयएसओची पद्धतही तीच आहे. एका कस्टमरला नशिबानं परतीचं भाडं मिळालेली ट्रिप आली आणि दुसऱ्याला रिकामी, असला लॉटरीचा प्रकार त्यानं बंद होतो.

पार्ट लोडलाही हेच. गाडीत सहा जणांचा माल, प्रत्येकाचं वजन गुणिले त्याचं अंतर, त्या प्रमाणात वाटणी. गाडी गावं फिरत फिरत गेली म्हणून शेवटच्या माणसाला जास्त अंतर लावू नका, उचलल्यापासून उतरवेपर्यंत थेट जेवढं आहे तेवढंच.

८. घाट आहे का बघा

तक्त्यात कुठेही घाट नसतो आणि आपल्याकडे बऱ्याच रूटवर घाट आहे. बोरघाट, कसारा, खंबाटकी, आंबा, करूळ.

बोरघाटाचंच गणित करू. खोपोली ते लोणावळा चढ साधारण ५५० मीटरचा. २८ टनाची भरलेली गाडी तेवढी वर उचलायला लागणारी ऊर्जा, आणि इंजिन डिझेलच्या ऊर्जेतलं ४० टक्के चाकाला देतं असं धरलं, तर नुसतं उचलण्याचं दहा-साडेदहा लिटर होतं. सपाट रस्त्यावर तेवढ्यात गाडी चाळीसेक किलोमीटर जाते. तीच गाडी रिकामी, साडेनऊ टनाची, तर साडेतीन लिटर. उतरताना हे परत मिळत नाही, ब्रेक तापवण्यात जातं.

म्हणून न्हावा शेवा बंदरातून भरलेला इम्पोर्टचा कंटेनर चाकणला आणणं आणि चाकणहून एक्स्पोर्टचा भरलेला कंटेनर बंदराला नेणं, अंतर तेच, गाडी तीच, पण डिझेल वेगळं. एका दिशेचा ॲव्हरेज दुसऱ्या दिशेला लावू नका. वर-खाली पूर्ण फेरीचाच हिशोब करा. आणि नाशिक-मुंबई रूटच्या ॲव्हरेजवरून विदर्भातल्या सपाट रूटचं इमिशन काढू नका, उलटही नको.

जाता जाता, उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचतं हे डोक्यातून काढा आणि ड्रायव्हरच्याही डोक्यातून काढा. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंद करतो. न्यूट्रलला इंजिन आयडलिंगचं डिझेल पितं आणि सगळा भार ब्रेकवर. खंबाटकी उतरल्यावर काय होतं ते रोजच्या पेपरात असतं.

९. मार्केटच्या गाड्या

निम्मा माल स्वतःच्या गाडीत, निम्मा बाजारातून उचललेल्या गाडीत, हे सगळीकडे आहे. त्या गाडीमालकाकडे डिझेलचा हिशोब मागितला तर तो भाडं कमी करायला मागताय असं समजतो. मग पर्याय उतरत्या क्रमानं असे.

नेहमी लागणाऱ्या गाड्या असतील तर मालकाशी बोलून ठरावीक रूटवर दोन-तीन फेऱ्या टाकी टू टाकी करून घ्या, डिझेल ॲडव्हान्स आपण देतोच, तो पंपावर द्या म्हणजे पावती आपल्याकडे येते. ते नाही जमलं तर स्वतःच्या त्याच साईजच्या गाडीचा त्याच रूटचा आकडा लावा. तेही नसेल तर तयार तक्ता. इंडिया जीएचजी प्रोग्रॅमनं २०१५ मध्ये भारतीय गाड्यांसाठी किलोमीटरमागचे आकडे दिले, १२ टनाच्या वरच्या गाडीला किलोमीटरला ०.७३७५ किलो. २.६८ ला त्यानं भागा, ३.६ चा ॲव्हरेज निघतो, म्हणजे आकडा हवेतला नाही. पण त्यात गाडी किती भरलेली हे नाही आणि १९ टनी सहाचाकी आणि ५५ टनी ट्रेलर एकाच खान्यात आहेत. शेवटचा उपाय म्हणूनच.

एक सापळा: जीएलईसीचे टन-किलोमीटरचे डिफॉल्ट आकडे वापरलेत तर त्यात रिकामी धाव आधीच धरलेली असते. वरून परत रिकामी धाव मिळवली की डबल. किलोमीटरचे आकडे वापरलेत तर मात्र रिकामे किलोमीटर तुम्हालाच मिळवायचे.

आणि एक्सेलमध्ये एक कॉलम नक्की ठेवा, "आकडा कशावरून": मोजलेला, स्वतःच्या गाडीवरून, तक्त्यावरून. मार्केटच्या गाडीचं इमिशन तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या रिपोर्टात स्कोप ३ मध्ये जातं, स्कोप १ मध्ये नाही, त्यासाठीही हा कॉलम लागतो.

रीफर गाड्या असतील, द्राक्षं, आईस्क्रीम, औषधं, तर थंड करणाऱ्या युनिटचं डिझेल वेगळं आहे का बघा. आणि वर्षात किती गॅस भरला ते मेकॅनिकच्या बिलावरून काढा, भरला म्हणजे तेवढा गळला. आर-४०४ए गॅस १ किलो गळला की जवळजवळ ३.९ टन सीओटू धरावा लागतो. वरच्या नागपूरच्या अशा चार फेऱ्या झाल्या.

१०. पाठवण्याआधी डोळ्याखालून घाला

दहाचाकीचा भरून ॲव्हरेज साधारण साडेतीन ते पाचच्या मधे, मोठा ट्रेलर अडीच ते साडेतीन, चौदा फुटी छोटी गाडी आठ ते दहा. यात दहाचाकीचा नऊ दिसला तर एक डिझेल बिल एन्ट्रीत राहिलंय. दीड दिसला तर दुसऱ्या गाडीचं बिल हिच्यावर पडलंय, कार्ड एक आणि गाड्या दोन असं सर्रास चालतं. भरलेल्या मोठ्या गाडीचा टन-किलोमीटरचा आकडा पन्नास ते शंभर ग्रॅमच्या टापूत, छोट्या गाडीतल्या शहरातल्या डिलिव्हरीचा दोनशे-तीनशेच्या घरात. ०.०५ ग्रॅम किंवा पन्नास हजार आला तर किलोचे टन किंवा टनाचे किलो झालेत कुठेतरी.

एक्सेलच्या पहिल्या शीटवर लिहा: कालावधी, कुठला फॅक्टर (लिटरला किती किलो धरले), किलोमीटर कुठून, वजन कुठून, रिकामी धाव कशी वाटली, किती टक्के मोजलेलं आणि किती अंदाजाचं. पाच-सहा ओळी. सहा महिन्यांनी त्यांचा ऑडिटर फोन करून "हा ५६९ कुठून आला" विचारतो तेव्हा तुम्हाला आठवणार नसतं.

शुक्रवारपर्यंत पूर्ण होत नसेल तर साहेबांना तसं सांगा आणि मोठ्या तीन-चार रूटचं आधी पाठवा, बहुतेक ठिकाणी ऐंशी टक्के डिझेल तेवढ्याच रूटवर जातं. आणि पुढच्या महिन्यापासून ट्रिप शीटवर तीन रकाने छापून घ्या, निघतानाचं ओडोमीटर, टाकी फुल केली का, आणि रिकामे किलोमीटर. प्रिंटरवाला जुन्याच शीटमध्ये बसवून देतो. ड्रायव्हर लोक पहिले दोन महिने रिकामं सोडतील, ट्रिपचा हिशोब करताना समोर बसवून भरून घ्या.